मार्केट आहे का?

शनिवारी सकाळी साडेआठला फोन वाजला तर दोनच शक्यता असतात. एकतर प्रॉडक्शन पडलेलं असतं किंवा पलीकडे सांगलीकर असतो. गेल्या जूनमधल्या त्या शनिवारी दुसरी शक्यता खरी ठरली.

"झोपलायस?"

"हो."

"बरं ऐक. मला फक्त एवढंच सांग, मार्केट आहे का?"

सांगलीकर हा माझा ब्लूमिंग्टनचा रूममेट. त्याचं आडनाव खरं तर वेगळंच आहे. पण २००६ मध्ये पहिल्याच रात्री त्याने बॅगेतून भडंगाचा डबा काढला, आणि तेव्हापासून तो सांगलीकर. हा माणूस प्रस्तावना करत नाही. कशाचं मार्केट, कुणासाठी, काही सांगणार नाही. पण मला कळलं. कारण गेली सात वर्षं तो एक खेळ लिहीत होता, आणि मे महिन्यात त्याची नोकरी गेली होती.

नोकरीचं थोडक्यात सांगतो. एकाच कंपनीत एकवीस वर्षं. वय सत्तेचाळीस. दहाला मीटिंग, साडेदहाला लॅपटॉप जमा. हिशेबाचे जे पैसे मिळाले त्यातले सहा लाख तो या खेळाच्या छपाईत घालायला निघाला होता. हजार प्रती, रंगीत, पुठ्ठा बांधणी. चित्रं धरून एकूण खर्च नऊ लाख. वरचे तीन मी घालावेत अशी त्याची इच्छा. आणि "तू आकड्यांतला माणूस आहेस" म्हणून आधी मार्केट आहे की नाही ते बघून सांगावं. वहिनींना यातलं अजून काही माहीत नव्हतं.

म्हणजे बघा माझी पंचाईत. हो म्हणावं तर त्याचे सहा लाख माझ्या शब्दावर जाणार. नाही म्हणावं तर नोकरी गेलेल्या माणसाच्या हातातली एकुलती एक गोष्ट मी काढून घेणार.

"दोन आठवडे दे," म्हटलं.

आता, ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे मोठ्या माणसांची भातुकली. फरक इतकाच, की इथे नियमांचं जाडजूड पुस्तक असतं आणि हातात फासे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. "दार उघडतो." "कुलूप आहे." "तोडतो." "टाक फासे." असं चार-चार तास! यातला जगभर चालणारा खेळ म्हणजे १९७४ चा डंजन्स अँड ड्रॅगन्स. तलवारी, जादू, भुयारं, राक्षस. आणि स्पेस ऑपेरा म्हणजे हीच सगळी धमाल अंतराळात. जहाजं, साम्राज्यं, बंडखोर, स्मगलर. नावात ऑपेरा असला तरी गाणी नाहीत. १९४१ मध्ये विल्सन टकर या अमेरिकन लेखकाने हा शब्द काढला तो चक्क शिवी म्हणून. रेडिओवरचा रतीब तो सोप ऑपेरा, तसा अंतराळातला रतीब तो स्पेस ऑपेरा. पुढे त्या शिवीचंच बिरूद झालं.

सांगलीकरच्या खेळात लघुग्रहांच्या पट्ट्यात बर्फ काढणारे सहकारी कारखाने आहेत. चेअरमन आहेत, सभासद आहेत, बर्फाचा हंगाम आहे, थकलेली बिलं आहेत. बर्फतोड टोळ्या एका लघुग्रहावरून दुसऱ्यावर जातात, आणि मुकादम उचल देऊन त्यांना बांधून ठेवतो. तुम्ही खेळता ती एका जुनाट मालवाहू जहाजाची टोळी. वाचून मी हसलो होतो, आणि मग तितकासा हसलो नव्हतो.

पण हे वेड आम्हाला लागलं कुठे?

इलिनॉयमध्ये ब्लूमिंग्टन आणि नॉर्मल ही दोन गावं एकमेकांना चिकटून आहेत. (हो, गावाचं नाव खरंच नॉर्मल आहे.) चहूकडे मका आणि सोयाबीन, मधोमध एका विमा कंपनीचं अवाढव्य मुख्यालय. त्या मुख्यालयापायी आमच्यासारखी कितीतरी ऑनसाइट मंडळी तिथे जाऊन पडली. आमच्या टीममध्ये मेनफ्रेमवर काम करणारे एक गोरे गृहस्थ होते. आम्ही आपसात त्यांना आजोबा म्हणायचो. ऐंशी कॉलमच्या पलीकडे जगात काही आहे यावर त्यांचा विश्वास नव्हता. एकदा शनिवारी त्यांनी आम्हाला घरी बोलावलं. आम्हाला वाटलं बार्बेक्यू. निघाला बेसमेंट, एक टेबल, आणि एक काळा डबा.

त्या डब्यात तीन लहानशी काळी पुस्तकं होती. ट्रॅव्हलर. साल १९७७. मार्क मिलरने केलेला खेळ, आणि काढणारी कंपनी गेम डिझायनर्स वर्कशॉप त्याच गावातली! १९७३ मध्ये नॉर्मलमध्ये सुरू झालेली. आजोबांनी कॉलेजात असताना तो डबा विकत घेतला होता. अंतराळातल्या खेळांचा आद्य ग्रंथ म्हणावा तो आम्ही भाजी आणायला जायचो त्याच रस्त्यांवर जन्मला होता, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

ट्रॅव्हलरची गंमत सांगतो. डी अँड डीमध्ये तुम्ही विशीतला नवशिका असता. राक्षस मारता, लेव्हल वाढते, ताकद वाढते, पुढचा राक्षस. ट्रॅव्हलरमध्ये खेळ सुरू होण्याआधीच तुमची नोकरी होऊन गेलेली असते. नौदल, सैन्य, व्यापारी जहाजं, जे काही असेल ते. चार-चार वर्षांच्या खेपा. प्रत्येक खेपेला फासे टाकून बघायचं, जगलात का. (मूळ नियमांत पात्र तयार करतानाच पात्र मरू शकतं!) मग पुन्हा फासे, नोकरीत ठेवताहेत का. नाही पडलं दान तर बाहेर. चौतिशीनंतर म्हातारपणाचे फासे सुरू. म्हणजे प्रत्यक्ष खेळाला बसता तेव्हा तुम्ही चाळिशीकडे झुकलेले, नोकरीतून सुटलेले, गुडघे कुरकुरणारे इसम असता, आणि नशीब बरं असेल तर नावावर एक जहाज असतं.

तेही कर्जावर. वीस टक्के डाउन पेमेंट, बाकीचं चाळीस वर्षांच्या हप्त्यांत. जहाजाच्या किमतीचा दोनशे चाळिसावा भाग दर महिन्याला, असे ४८० हप्ते. म्हणजे जहाज दोन कोटी चाळीस लाखांचं असेल तर महिना एक लाख, चाळीस वर्षं. हप्ता चुकला तर जप्तीवाले मागे. तुम्ही या ग्रहावरून त्या ग्रहावर का जाता? न्यायासाठी वगैरे नाही, ईएमआयसाठी! आम्ही दोघं तेव्हा पुण्यात फ्लॅट बुक करून आलो होतो. पहिल्याच शनिवारी खेळ पटला.

पाच जण होतो. आजोबा, त्यांच्या शेजारच्या एक नर्सबाई, टीममधला एक तेलुगू टेस्टर, सांगलीकर आणि मी. जवळजवळ दोन वर्षं, बर्फ असो वा मका, शनिवारी चार वाजता. २००७ च्या ऑगस्टमध्ये तर अडीच-तीन तास गाडी हाणत इंडियानापोलिसला जेन कॉनलाही गेलो. या खेळांची ती पंढरी. त्या वर्षी तिथे डी अँड डीच्या चौथ्या आवृत्तीची घोषणा झाली. त्या बाजूला मुंगी शिरायला जागा नाही, आणि आम्ही आपले ट्रॅव्हलरचं टेबल शोधत फिरतोय. अर्ध्या तासाने सापडलं. एकच होतं, आणि त्यावर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

मार्केटबद्दलचं पहिलं सत्य मी तिथेच पाहिलं होतं म्हणा. पण तेव्हा ते मार्केट वाटलं नाही, फक्त बसायला जागा मिळाली याचा आनंद झाला.

असो. दोन आठवडे मागून घेतले होते, म्हणून एक्सेल उघडलं.

पहिला कॉलम: कंपन्या आणि त्यांचं काय झालं. गेम डिझायनर्स वर्कशॉप १९९६ मध्ये बंद. गंमत म्हणजे त्यांचं जे पुस्तक बेस्टसेलर यादीत गेलं, ते अंतराळाचं नव्हतंच. ते होतं पहिल्या आखाती युद्धाच्या वेळी काढलेलं माहितीपुस्तक. डी अँड डीवाल्या टीएसआरने स्वतः १९८२ मध्ये स्टार फ्रंटियर्स काढून बघितला आणि काही वर्षांत गुंडाळला. फँटसी गेम्स अनलिमिटेडने १९८० मध्ये काढलेल्या खेळाचं तर नावच स्पेस ऑपेरा होतं. आज तो जुन्या माणसांनाच आठवतो.

दुसरा कॉलम: उसना घोडा. १९८७ मध्ये वेस्ट एंड गेम्सने स्टार वॉर्सचं लायसन्स घेऊन खेळ काढला. जोरात चालला. इतका, की टिमथी झानने पुढे १९९१ ची स्टार वॉर्स कादंबरी लिहायला घेतली तेव्हा संदर्भ म्हणून त्याला याच खेळाची पुस्तकं देण्यात आली. सिनेमाच्या मालकांपेक्षा खेळवाल्यांकडे विश्वाची टिपणं जास्त! पण १९९८ मध्ये वेस्ट एंडची दिवाळखोरी झाली. तीही खेळामुळे नाही, त्याच मालकांच्या बूट आयात करणाऱ्या धंद्यामुळे. लायसन्स गेलं विझार्ड्सकडे, तिथून फँटसी फ्लाइटकडे. दर वेळी जुनी पुस्तकं बंद, नवे नियम. घोडा उसना असला की असंच.

तिसरा कॉलम: आजचे पैसे. किकस्टार्टरमुळे एक बरं झालं, लोक छपाईच्या आधी पैसे टाकतात आणि आकडा सगळ्यांना दिसतो. ट्रॅव्हलरच्या पाचव्या आवृत्तीसाठी मार्क मिलरने २०१२ मध्ये २४ हजार डॉलर मागितले, मिळाले दोन लाख ९० हजारांवर. एक्सपान्सच्या खेळाला २०१८ मध्ये चार लाखांवर. अंतराळातल्या भयकथांच्या मदरशिपला २०२१ मध्ये १४ लाखांवर. वाचताना माझे डोळे चमकले. मग शेजारच्या ओळी भरल्या. अवतार लेजंड्स, २०२१, सुमारे ९५ लाख डॉलर. कॉस्मिअर, २०२४, दीड कोटी डॉलरच्या वर. दोन्ही जादूच्या जगातले. आणि रोलट्वेंटी या ऑनलाइन टेबलांच्या साइटने वर्षानुवर्षं जे आकडे जाहीर केले त्यांत निम्म्याहून जास्त टेबलं एकट्या डी अँड डीची. अंतराळवाले खाली, एक-दोन टक्क्यांच्या गर्दीत.

आता मला यातलं न पटणारं कोडं असं, की अंतराळ लोकांना आवडत नाही म्हणावं तर तसंही नाही. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे दूरदर्शनवर रविवारी सकाळी स्टार ट्रेक लागायचं तेव्हा आमचा अख्खा वाडा टीव्हीसमोर असायचा. पुढे देशी स्पेस सिटी सिग्माही बघितली. थिएटर भरतात, सिरियली चालतात. मग टेबलवरच काय होतं?

उत्तर आजोबांच्या बेसमेंटमध्येच होतं, मला फक्त आठवायला उशीर झाला.

एकदा आजोबा म्हणाले, "तुम्ही अंतराळस्थानकात शिरता." सांगलीकरला वाटलं आपला बंदर धक्का, हमाल, हप्ता मागणारा पोलीस. टेस्टरला वाटलं स्टार ट्रेक, गुळगुळीत भिंती आणि शिस्त. नर्सबाईंनी आल्या आल्या विचारलं, इथे हवा कुठून येते? पाच माणसं, पाच स्थानकं. पहिला अर्धा तास कुणी काही करेचना, सगळे विचारत राहिले: इथे बंदूक चालते का? मोबाइल असतो का? डी अँड डीमध्ये हे होत नाही. भुयार म्हटलं की भुयार. अंधार, दगड, कोपऱ्यात काहीतरी. सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र. शिवाय भुयाराला वाटा दोन किंवा तीन. अंतराळात वाटा अनंत. माणसाला पूर्ण मोकळीक दिली की तो गोंधळून बसून राहतो, हे कोऱ्या स्क्रीनसमोर बसलेल्या कुठल्याही प्रोग्रामरला विचारा.

त्यात तंत्रज्ञान शिळं होतं. तलवार शिळी होत नाही. १९७७ च्या ट्रॅव्हलरमध्ये जहाजाचा कॉम्प्युटर टनांत मोजतात. आमचा टेस्टर हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. आजोबा मात्र गंभीरपणे म्हणाले, "मी असा चालवलाय."

म्हणून या क्षेत्रात जे मोठे झाले ते दोन प्रकारांनी. एक, सिनेमाचं तयार चित्र भाड्याने घेऊन: स्टार वॉर्स, स्टार ट्रेक, एलियन. दोन, भुयारालाच अंतराळात नेऊन. पायझोचा २०१७ चा स्टारफाइंडर बघा, जादूगारासकट सगळं बाडबिस्तर जहाजात. स्वतःचं विश्व घेऊन उभा राहणारा माणूस विरळाच.

पण शीटमध्ये एक ओळ अशी होती, जी मला खोडता येईना. ट्रॅव्हलर मेलाच नाही. कंपनी बुडाली, पुढची आली. १९९८ मध्ये गर्प्सवाल्यांकडे, २००८ पासून इंग्लंडच्या मंगूसकडे. जवळजवळ पन्नास वर्षं झाली, पुस्तकं निघताहेत. हजारात चार माणसं घेणार असतील, पण ती चार सोडत नाहीत.

आणि दुसरी ओळ: केविन क्रॉफर्ड. एकटा माणूस. २०१० मध्ये स्टार्स विदाउट नंबर काढला, अंतराळ आणि जुन्या धाटणीचे नियम. जवळपास पूर्ण खेळ फुकट डाउनलोडला ठेवला. हवं असेल त्याने जादाचं विकत घ्यावं. २०१७ मध्ये सुधारित आवृत्ती निघाली, तीही तशीच. गोदाम नाही, हजार प्रतींचा ढीग नाही.

शीट बंद करताना सहज आमच्या कपाटाकडे लक्ष गेलं. सहज म्हणून मोजले. गेल्या पंधरा वर्षांत मी अंतराळातले अकरा खेळ विकत घेतलेत. कोरिओलिस, एलियन, मदरशिप... नीट कव्हर घालून ठेवलेत. त्यातले खेळलो किती? दोन. एक पूर्ण, एक अर्धा. नऊ खेळ मी रात्री झोपताना कादंबरीसारखे वाचले आणि ठेवून दिले.

मार्केट मार्केट म्हणून जे मी दोन आठवडे शोधत होतो, ते मीच होतो! किकस्टार्टरवर पैसे टाकणारा, पुस्तक चाळणारा, "कधीतरी खेळू" म्हणणारा. मागणी आहे. वाचायची आहे, बाळगायची आहे. तुटवडा आहे तो शनिवारी चार वाजता खुर्चीत येऊन बसणाऱ्या पाच माणसांचा, आणि त्यातही गोष्ट चालवायला तयार असलेल्या एकाचा. तो एक पुस्तक घेतो, बाकीचे चार त्याच्याच पुस्तकात डोकावतात. म्हणजे गिऱ्हाईक माणसागणिक मोजायचं नाही, टेबलागणिक मोजायचं.

आणि मग ते आठवलं जे मी आठवायचं टाळत होतो. सात वर्षांत सांगलीकरने मला किती वेळा विचारलं असेल, "येतोस का, एकदा खेळून बघू, नियम जमतात का ते कळेल." मी काय म्हणायचो? रिलीज आहे. मुलीची परीक्षा आहे. पुढच्या महिन्यात नक्की. त्याला सात वर्षांत बाहेरचं एक टेबल मिळालं नव्हतं, आणि मी इकडे स्वीडनमधून पुस्तकं मागवत होतो.

मी फोन केला. म्हटलं, "आकडे नंतर. आधी चार शनिवार. माझ्या घरी. तू चालवायचं."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "पोहे असतील का?"

पहिल्या शनिवारी पाच जण. बायको (तिची अट: सहाला संपवायचं), ऑफिसमधली दोन मुलं, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा, आणि मी. सांगलीकर म्हणाला, "तुम्ही कारखान्याच्या ऑफिसात शिरता. चेअरमन साहेब आत आहेत." आणि काय सांगू, एकानेही विचारलं नाही की ऑफिस कसं दिसतं! पाचही जणांना ठाऊक होतं. भिंतीवर कुणाचे फोटो आहेत, बाहेरच्या बाकावर कोण ताटकळत बसलंय, चहा कुणाला मिळणार आणि कुणाला नाही. बायकोने तर थेट शिपायाशी ओळख काढली. "साहेबांच्या गावचीच मी" म्हणून! फासे पडायच्या आधीच आम्ही आत होतो. आजोबांच्या टेबलावर अर्धा तास खाणारी अडचण इथे अर्ध्या मिनिटात सुटली. पुस्तक इंग्रजीत लिहिलंय, पण खेळ पहिल्या पाच मिनिटांत मराठीत आला आणि परत गेला नाही. साडेआठला बायकोनेच विचारलं, बिल निघालं की नाही ते कळल्याशिवाय उठायचं कसं?

दुसऱ्या शनिवारी चार जण. तिसऱ्या शनिवारी एकाचं खरंच रिलीज होतं, दुसरा पाऊस बघायला लोणावळ्याला. आलो तिघं. सांगलीकर रिकाम्या खुर्च्यांकडे बघत म्हणाला, "हे तुझं मार्केट." चिडून नाही, नुसतं म्हणाला. चौथ्या शनिवारी पुन्हा चार. खेळ संपल्यावर तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा रेंगाळला.

"काका, याची पीडीएफ मिळेल? हॉस्टेलवर मित्रांना चालवून दाखवीन म्हणतो. थोडं बदललं तर चालेल ना?"

शीटमध्ये मी त्या रात्री एक ओळ वाढवली. टेबलं: एक.

मग रविवारी बसून सांगलीकरला सगळं सांगितलं. हजार नको. शंभर छाप. पीडीएफ फुकट सोड, क्रॉफर्डसारखी. मी तीन लाख देणार नाही, पन्नास हजार देतो आणि ते परत आले नाहीत तरी चालतील. शिवाय महिन्यातले दोन शनिवार देतो. आणि वहिनींना आज सांग.

"शंभर?" तो म्हणाला. "अरे, लग्नाच्या पत्रिका याहून जास्त छापतात."

दुखावला होता. माझं चुकलं का, कळत नाही. त्याला हजार प्रतींचा ढीग हवा होता, एकवीस वर्षांचं काहीतरी दिसायला हवं म्हणून. लॅपटॉप तर जमा केला होता ना. आणि मी त्याला टेबलं मोजायला सांगत होतो. जाताना दारात एवढंच म्हणाला, "ट्रॅव्हलरमध्ये असतं ना रे, नोकरीत ठेवतात का ते फाशांवर. तेव्हा किती हसायचो आपण."

तीन आठवडे फोन नाही. चौथ्या शनिवारी, साडेआठ वाजता, वाजला.

"झोपलायस?"

"हो."

"हिला सांगितलं. दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, शंभर परवडतील. चित्रं मात्र चांगली घे म्हणाली."

तर सध्या असं आहे. सांगलीकरला आठवड्यातून तीन दिवसांचं कन्सल्टिंगचं काम मिळालंय. शंभर प्रती छापून आल्या. त्यातल्या एकेचाळीस गेल्या. (पाच मी घेतल्या, त्या धरू नका.) हॉस्टेलवरचं टेबल चालू आहे. पोरांनी चेअरमनच्या जागी हॉस्टेलचा रेक्टर घातलाय म्हणे. दुसऱ्या विंगमध्ये अजून एक टेबल सुरू झालंय, ते सांगलीकरला न विचारताच. त्याने मला हे तीनदा सांगितलं. तीन वेगवेगळ्या दिवशी.

२००८ मध्ये परत निघताना आजोबांनी त्यांचा तो काळा डबा मला दिला होता. म्हणाले होते, माझ्याकडे आता टेबल उरणार नाही. मी तो अठरा वर्षं जपून ठेवला, म्हणजे उघडलाच नाही. गेल्या आठवड्यात काढला. आत आमच्या पात्रांचे कागद अजून आहेत. सांगलीकरच्या कागदावर आजोबांच्या अक्षरात जहाजाचे हप्ते मांडलेत. ४८० पैकी एकोणीस भरलेले.

पुढच्या शनिवारी चार वाजता आमच्याकडे आहे. चौघं नक्की आहेत. एक खुर्ची रिकामी आहे.